दाव्याला बांधलेलं टेनिस

रिंकूच्या कमरेला बकरीचं दावं बांधायची कल्पना सुरेंद्र मास्तरांना सुचली, त्या दिवशी त्यांना कोणी अडवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मास्तरांना अडवणार कोण? शाळेत क्रीडाशिक्षक तेच, आख्ख्या तालुक्यात टेनिस समजणारे तेच, आणि दावंही त्यांच्याच घरच्या बकरीचं. मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातून एवढंच विचारलं, "पोरगी पडणार तं नाही ना हो?"

"पडली तं मधातच पडन सर," मास्तर म्हणाले. "तेच तं शिकवून राह्यलो."

मुख्याध्यापक आत गेले. मोकळी सुटलेली बकरी शाळेच्या परसबागेतली मेथी खाऊन आली, तो भाग वेगळा.

आता या आडगावात, आरमोरीच्याही आत, टेनिस आलं कुठून हे सांगायला हवं. त्याचं कारण मास्तरांचं डोकं. तालुक्यात कबड्डीला चाळीस शाळा उतरतात, खो-खोला त्याहून जास्त. टेनिसला एकही नाही. ज्या रस्त्यानं कोणी जात नाही त्या रस्त्यावर आपणच पहिले, असा मास्तरांचा साधा विचार. गावाबाहेर धरणाच्या साहेबांसाठी कधीकाळी बांधलेली वसाहत होती. साहेब गेले, मग कौलं गेली, खिडक्या गेल्या, दारं गेली. सिमेंटचं टेनिस कोर्ट मात्र कोणालाच उचलून नेता आलं नाही, म्हणून ते राहिलं. उन्हाळ्यात बाया त्यावर मोहफुलं वाळवत. मास्तरांनी ते झाडून घेतलं, चुन्यानं रेघा मारल्या, आणि मधली जाळी विणून द्यायला इस्तारीला सांगितलं. इस्तारीनं मासे धरायच्या दोऱ्याची अशी बारीक जाळी विणून दिली की तिच्यातून बॉल काय, डासही गेला नसता.

आणि इस्तारीचीच पोरगी रिंकू.

इस्तारीचं घर तलावावर जगणारं. तीन वर्षांपूर्वी बैलगाडीवरून पडून त्याचा उजवा खांदा गेला, आणि फेकजाळं टाकायचं काम रिंकूकडे आलं. मुली सहसा फेकजाळं टाकत नाहीत, पण पोटाला ते कुठं कळतं? अकराव्या वर्षापासून पोरगी गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळं फेकायची. कमरेतून अशी वळायची, हात मागून असा पुढे यायचा, की जाळं हवेत परातीसारखं गोल उघडून पाण्यावर पडायचं. मास्तर एकदा मरळ मासा घ्यायला तलावावर गेले, त्यांनी ते पाहिलं आणि मरळ घ्यायचं विसरून पोरीला घेऊन आले.

रिंकूच्या हातात रॅकेट दिली, पहिलाच बॉल टाकला आणि तो मास्तरांच्या कानाजवळून असा सणसणत गेला की मास्तर खाली बसले. बसूनच म्हणाले, "अरे बापरे!" दुसरा बॉल टाकला, तोही तसाच. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बॉल मारला की रिंकू जिथं असेल तिथं खांबासारखी उभी राहायची. डोळे समोर, हात खाली, हूं नाही की चूं नाही.

"काय करून राह्यली तू?" मास्तरांनी विचारलं.

"बसू देऊन राह्यली सर."

"काय बसू देऊन राह्यली?"

रिंकूनं जीभ चावली. "जाळं," ती म्हणाली.

जाळं टाकलं की हलायचं नाही, हा इस्तारीच्या घरचा कायदा. जाळ्याचा दोर मनगटाला बांधलेला असतो. माणूस हलला की दोर हलतो, दोर हलला की जाळ्याची कड तळावरून उचलते, आणि मासा खालून हसत निघून जातो. म्हणून जाळं तळाला नीट बसेपर्यंत उभं राहायचं, पाणी पाहायचं, आणि मगच पाय उचलायचा. पोरीच्या अंगात ते मुरलं होतं.

मास्तरांनी ठरवलं, हेच आधी काढायचं. कारण मास्तरांना टेनिसमधलं एक रहस्य माहीत होतं. नागपूरला पाच दिवसांचं प्रशिक्षण शिबिर झालं होतं, त्यातले तीन दिवस ते हजर होते. चौथ्या दिवशी मेव्हण्याचं लग्न एटापल्लीला, त्यामुळे निघावं लागलं. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलेलं वाक्य त्यांनी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. एकेरीत बॉल मारला की ताबडतोब कोर्टाच्या मध्यावर परत यायचं. मध्यावर असलं की डावीकडचाही आपला आणि उजवीकडचाही आपला. मास्तरांना हे इतकं पटलं की त्यांना वाटलं, टेनिसमध्ये याच्यापुढे आता उरलंच काय?

सांगून झालं, ओरडून झालं. रिंकू मान हलवायची, मारायची आणि उभी राहायची. तेव्हा ते दावं आलं. मागच्या रेघेच्या मध्यावर सिमेंटच्या भेगेत खुंटा ठोकला, दाव्याचं एक टोक त्याला, दुसऱ्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब, आणि ट्यूब रिंकूच्या कमरेला. कोपऱ्यात जाऊन बॉल मारला की ट्यूब तिला ओढून मध्यावर आणायची. पहिल्या दिवशी पोरगी दोनदा बसकण मारून पडली. आठव्या दिवशी ट्यूबनं ओढायच्या आत ती स्वतःच धावू लागली. मास्तर जाळीपाशी टोपली घेऊन उभे. एक बॉल डावीकडे, एक उजवीकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि प्रत्येक बॉलला त्यांची आरोळी, "मधात! मधात! मधात!" सकाळी रानात लाकडाला जाणाऱ्या बाया थांबून पाहायच्या आणि तोंडाला पदर लावून पुढे जायच्या.

महिन्याभरात मधूनच दावं सोडून पाहिलं तरी रिंकू मध्यावर यायची. दोन महिन्यांत ती कुठंही मध्यावर यायला लागली.

शाळेत फळ्यावर गणित सोडवायला उठवलं की खडू ठेवून पळत वर्गाच्या मधोमध. घरी जेवायला वाढताना बापाच्या ताटात भात घातला की पळत खोलीच्या मधोमध, मग आईच्या ताटात वरण, की परत मधोमध. तिची आई भागीरथा दोन दिवस गप्प बसून पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मास्तरांना रस्त्यात गाठलं.

"मास्तर, मायी पोरगी भात वाढते न् पळते. वरन वाढते न् पळते. सासू म्हनते पोरीले बाहेरचं लागलं, लिंबू उतरवा. काय करू?"

मास्तरांना इतका आनंद झाला की तो लपवणं अवघड गेलं. "लिंबू नका उतरवू, भागीरथाबाई," ते म्हणाले. "ते बाहेरचं नाही, ते टेनिस आहे. रक्तात उतरून राह्यलं."

"वरनही उतरून राह्यलं ना, कपड्यावर," भागीरथा म्हणाली. पण मास्तर बोलले म्हणजे झालं, असं मानणारी बाई. गेली बिचारी.

इथंच मास्तरांनी थांबायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा त्यांना वाटलं की त्या दिवशी रस्त्यात आपण एवढं खूश व्हायला नको होतं. पण बैल गेला न् झोपा केला, त्याचा काय उपयोग?

फेब्रुवारीत मच्छीमार सोसायटीनं तलावावर मासे काढायचा दिवस धरला. त्या दिवशी गावातली बारा घरं काठावर एका ओळीत उभी राहतात, सोसायटीचा म्हातारा दसरू आरोळी देतो, आणि बारा जाळी एकदम पडतात. मासा कुठं पळेल? डावीकडे गेला तर शेजाऱ्याच्या जाळ्यात, उजवीकडे गेला तर दुसऱ्याच्या. तिसऱ्या जागेवर इस्तारीचं घर, म्हणजे रिंकू. मास्तरही पिशवी घेऊन काठावर आले होते, रोहू घ्यायला.

"टाका रे!" दसरू ओरडला.

बारा जाळी उघडली. त्यात रिंकूचं सगळ्यात गोल, सगळ्यात लांब. कोणीतरी "वाह" म्हणालं. आणि जाळं पाण्याला टेकतं न टेकतं तोच रिंकू गर्रकन वळली आणि ओळीच्या मध्याकडे धावत सुटली.

दोर मनगटालाच होता. तिचं जाळं अर्धवट मिटून शेजारच्या पोचूच्या जाळ्यावर घसरत गेलं. पोचूनं घाबरून आपलं ओढलं, ते पाचव्याच्या जाळ्यात अडकलं. पाचव्यानं झटका दिला, सहावा पाण्यात पडला, त्यानं पडताना सातव्याचा दोर धरला. बघता बघता बारा घरांच्या जाळ्यांचा एकच गोळा झाला आणि त्या गोळ्याच्या खालून वर्षभर वाढवलेले रोहू-कतला तलावाच्या मधोमध निघून गेले. रिंकू ओळीच्या मध्यावर पोचून, गुडघ्यांत वाकून, तयारीत उभी होती.

आणि मास्तर? मास्तरांच्या तोंडून त्या क्षणी एकच शब्द गेला. तीन महिन्यांची सवय ती.

"शाब्बास!"

बारा घरांनी माना वळवून मास्तरांकडे पाहिलं. सहाव्या जागेवरचा माणूस पाण्यातून उठता उठता तसाच थांबला. दसरू हळूहळू चालत आला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी शाब्बास काऊन म्हनले?"

मास्तरांनी पिशवीची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

सोसायटीनं त्याच दुपारी ठरवलं की यंदाच्या हंगामात इस्तारीचं जाळं ओळीत लागणार नाही. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी हात उचलला नाही, फक्त तिसरी जागा रिकामी ठेवायची. इस्तारीसाठी म्हणजे उन्हाळ्याची भाकरीच ती. मास्तर दसरूच्या घरी जाऊन हात जोडून आले, मुख्याध्यापकांकडून चिठ्ठी आणली, काही झालं नाही. मग ते इस्तारीच्या अंगणात गेले. तिथं बारा जाळ्यांचा गोळा टाकलेला होता आणि इस्तारी, भागीरथा न् रिंकू तिघं बसून एकेक दोरा सोडवत होते. मास्तरही बसले. अर्धा तास गेल्यावर इस्तारी खाकरला.

"मास्तर, रागावू नका, पन तुमी हात नका लावू. तुमी लावला का गाठी वाढते."

मास्तरांनी हात मांडीवर ठेवले. "इस्तारीभाऊ, चूक माझी झाली. मी उद्यापासून पोरीले कोर्टावर नाही बोलावत."

"असं काऊन म्हनता?" इस्तारी दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाला. "तलावावरून तं गेलीच आता. तिकडूनही गेली तं मंग पोरगी कुठी जाईन? तुमी शिकलेले हाये, काईतरी समजूनच शिकवत असान. मार्चात चंद्रपूरले पोरी निवडनार हाये ना? तिथी राहनं, जेवन, शाळा, समदं तेच पाहनार?"

"हो. निवड झाली तर बारावीपर्यंत."

"मंग शिकवा."

मास्तर घरी आले ते या विश्वासाचं ओझं घेऊन. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. आता ही निवड झालीच पाहिजे होती. तलावावरची जागा आपल्यामुळे गेली, तिच्या बदल्यात पोरीला चंद्रपूरच्या क्रीडा वसतिगृहातली जागा मिळवून दिली तरच या घराला तोंड दाखवता येणार होतं. म्हणून त्यांनी काय केलं? दावं आणखी आवळलं. सकाळी दोन तास होते, ते संध्याकाळीही दोन तास झाले. डावीकडे एक, उजवीकडे एक, मधात, मधात.

मार्चमध्ये मूल गावावरून एसटीनं मास्तर, इस्तारी आणि रिंकू चंद्रपूरला आले. इस्तारीनं ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. मैदानावर सात मुली आल्या होत्या, त्यांना दोन जागा. निवड करायला नीला मॅडम नागपूरहून आलेल्या, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, हातात वही. रिंकूचा सामना चंद्रपूरच्याच मयुरीशी लागला. मयुरीकडे दोन रॅकेटी होत्या आणि पाणी प्यायची वेगळी बाटली होती. ते पाहून इस्तारी जरा दबला.

पहिले तीन गेम रिंकूनं असे घेतले की बाकीच्या मुलींचे शिक्षक चहा ठेवून उठून आले. तोच कमरेतला वळसा, तोच सणसणता बॉल, आणि मारला की भुर्रकन मध्यावर. "कोणाची हो ही?" एकानं विचारलं. मास्तरांची छाती फुगली. "आमची," ते म्हणाले. "पद्धत आहे एक. मागाहून सांगतो."

चौथ्या गेमला मयुरीनं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि जरा वेळ रिंकूकडे पाहिलं. मग तिनं रिंकूला उजव्या कोपऱ्यात पळवलं. रिंकूनं बॉल मारला न् धावली मध्याकडे. मयुरीनं पुढचा बॉल अगदी आरामात, जिथून रिंकू नुकतीच निघाली होती, त्याच उजव्या कोपऱ्यात टाकला. रिंकूचे पाय एकीकडे आणि बॉल दुसरीकडे. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही तसाच.

मास्तरांच्या टोपलीतून चार महिन्यांत एकदाही लागोपाठ दोन बॉल एका बाजूला पडले नव्हते. एक डावीकडे की एक उजवीकडे, ठरलेलं. ही मुलगी असं काऊन करते, हे मास्तरांना क्षणभर कळेना. खेळाचे काही नियम असतात की नाही?

"मास्तर," इस्तारी कुंपणाच्या जाळीला बोटं अडकवून हळू आवाजात म्हणाला, "पोरगी पाहून नाई राह्यली."

"पाहून राह्यली ना. पाहा किती जोरात धावते."

"धावते, पन पाहत नाई. मासा त्याच जागी परतून येऊन राह्यला अन् हे तिकडे पळते. घडीभर थांबाले पाह्यजे."

"इस्तारीभाऊ," मास्तर वैतागून म्हणाले, "हे टेनिस आहे. तलाव नाही हा."

इस्तारीनं जाळीतली बोटं काढून घेतली. शिकलेल्या माणसापुढे जास्त बोलू नये, असं त्याला वाटलं असणार. मास्तरांनी कुंपणाला तोंड लावून आरोळी ठोकली, "मधात, रिंकू! मधात!" पंचानं शिट्टी वाजवून त्यांना ताकीद दिली. रिंकूनं आरोळी ऐकली होती, आणि ती आणखी लवकर, आणखी जोरात मध्याकडे पळू लागली. बॉल मारायच्या आधीच पळायची तेवढी बाकी होती. तीन-शून्यचे तीन-तीन झाले, आणि सहा-तीननं मयुरी जिंकली. रिंकू शेवटचा बॉल गेल्यावरही मध्यावर येऊन वाकून उभी राहिली. तिला कोणी जा म्हटलं तेव्हा ती गेली.

तेव्हा मास्तरांना कळलं. फार उशिरा, पण लख्ख कळलं. आपण टोपलीशी खेळायला शिकवलं, माणसाशी नाही. आणि जे पोरीला उपजत येत होतं, थांबून पाहायचं, ते आपण चार महिने घाम गाळून तिच्या अंगातून काढून टाकलं. त्यांना त्या जागेवरून पळून जावंसं वाटलं.

दुपारी झाडाखाली नीला मॅडमनी पहिली जागा मयुरीला दिली. दुसरीसाठी त्यांच्या वहीत दोन नावं होती, रिंकू आणि गडचिरोलीची दिव्यानी. त्यांनी रिंकूला बोलावलं. सगळे शिक्षक भोवती उभे होते.

"हा हात कुठून आणलास ग?" मॅडमनी विचारलं. "असा फोरहँड मी या वयात पाहिला नाही."

"बाबाकडून. जाळं टाकतो आमी."

"आणि मारल्या मारल्या न पाहता मध्यावर पळतेस ते? कोणी शिकवलं?"

रिंकूनं मान वळवली नाही. पण मास्तरांना वाटलं, तिनं आपल्याकडे पाहिलं.

"कोनीच नाई मॅडम," ती म्हणाली. "मायी आदतच हाये तशी."

मॅडमनी सुस्कारा टाकला. "मग अवघड आहे बाळ. शिकवलेलं असतं तर काढता आलं असतं. अंगातली आदत चौदाव्या वर्षी सुटत नाही. माझ्याकडे एकच जागा आहे." आणि त्यांनी वहीवर पेन टेकवलं.

इस्तारी मास्तरांच्या शेजारीच उभा होता. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. याच शिक्षकांना त्यांनी सकाळी पद्धत सांगायचं कबूल केलं होतं. पेन दिव्यानीच्या नावाकडे सरकत होतं.

"मॅडम!" मास्तर जरा जास्तच मोठ्यानं म्हणाले. "ती आदत तिची नाही. माझी आहे."

"म्हणजे?"

"मी लावली. चार महिने. दाव्याला बांधून."

"कशाला बांधून?"

"दाव्याला, मॅडम. बकरीच्या."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं हसलं. मॅडमनी पेन उचललं. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही म्हणजे काही ठेवलं नाही. खुंटा सांगितला, ट्यूब सांगितली, टोपली सांगितली, वाढताना सांडलेलं वरण सांगितलं, तलावावरचा गोळा सांगितला, आणि आपण म्हटलेलं शाब्बाससुद्धा सांगितलं. शिक्षक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. एकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मॅडम हसल्या नाहीत असं नाही, पण आधी त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कुठल्या शिबिरात सांगितलं?"

"नागपूरच्या. तिसऱ्या दिवशी."

"आणि चौथ्या दिवशी?"

"मेव्हण्याचं लग्न होतं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, चौथ्या दिवशीच तर पुढचं सांगतात. मध्य म्हणजे चुन्याच्या रेघेचा मध्य नव्हे. समोरच्याला जिथं जिथं मारता येईल त्याचा मध्य, तो दर बॉलला बदलतो. आणि समोरचा मारायला लागला की आपण जिथं असू तिथं क्षणभर थांबायचं, पाहायचं, आणि मगच पाय उचलायचा."

इस्तारीनं मान डोलावली. "तेच तं," तो पुटपुटला. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग रिंकूकडे, आणि वहीत नाव लिहिलं. रिंकूचं. तीन महिन्यांत आदत सुटेल, त्या म्हणाल्या. फक्त दोन गोष्टी. रिंकूच्या वडिलांनी चार दिवस इथंच राहून तो कमरेतला वळसा बाकीच्या मुलींना दाखवायचा, स्वतः खांद्याला त्रास न देता, नुसतं सांगून. आणि सुरेंद्र सरांनी तीन महिने रिंकूला काहीही शिकवायचं नाही. भेटून नाही, चिठ्ठीनं नाही, फोनवरसुद्धा नाही.

"फोनवर नमस्कार केला तं चालन काय?" मास्तरांनी विचारलं.

"नमस्कार चालेल," मॅडम म्हणाल्या.

दिवेलागणीला मास्तर एकटेच गावात उतरले. घरी जायच्या आधी इस्तारीच्या अंगणात जाणं भाग होतं. भागीरथा दारातच उभी होती. बस येताना तिनं ऐकली असणार.

"मास्तर, तुमी एकलेच? बाप-लेक कुठी हाये?"

"दोघांचीही निवड झाली, भागीरथाबाई."

"दोघाची?"

मास्तरांनी सांगितलं. भागीरथा ऐकता ऐकता ओसरीवर टेकली, रडली, मग हसली, मग तिच्या लक्षात आलं. "अन् तुमी काऊन परत आले?"

"मले तीन महिने दूर राहाले सांगितलं."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि आत गेली. तिनं तिघांसाठी रांधून ठेवलं होतं. मास्तरांपुढे तिनं भाताचं ताट ठेवलं, त्यावर माशाचा रस्सा ओतला. नाही म्हणायचं बळ मास्तरांत उरलं नव्हतं. दोन घास खाऊन ते म्हणाले, "बाई, मी चुकीचं शिकवलं हो पोरीले. चार महिने चुकीचं शिकवलं. तुमची तलावावरची जागाही गेली माझ्यापायी. मले समजलंच नाही."

भागीरथेनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"रिंकूनं मले सांगतलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दिवाळीच्या टायमालेच. म्हने, आई, मारल्यावर घडीभर थांबून पाह्यलं तं बॉल कुठी यीन ते समजते. तुमी घरी गेले का ते एकली भिंतीवर मारून पाहे ना, तव्हा समजलं तिले. पन सर पळाले सांगते म्हने, काय करू? मीच म्हनली, मास्तर शिकलेले हाये, तुया बाप चवथी पास. मास्तर म्हनते तसं पळ."

मास्तरांचा हात ताटातच थांबला. "मंग तिनं मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगनार होती. मीच नको म्हनली," भागीरथा म्हणाली. "म्हनली, एवढे उन्हातान्हात तुयासाठी उभे राहते ते. त्याईले वाईट वाटन."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून एक चौदा वर्षांची पोर समजून उमजून चार महिने कमरेला दावं बांधून घेत होती, आणि आज सगळ्यांपुढे तीच चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. त्यांना एक हुंदका आला, तो त्यांनी घासाबरोबर गिळायचा प्रयत्न केला आणि काटाच घशात अडकला. भागीरथेनं धावत कोरडा भात आणून दिला, पाठीवर दोन थापट्या मारल्या. काटा गेला, पण डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं ते तिनं विचारलं नाही.

"जेवा ना मास्तर," ती म्हणाली. "थंडं होऊन राह्यलं."